पाच वर्षे नेमकी कुठून मोजायची? : वाचकांचे प्रश्न, निवृत्त कॅप्टनची उत्तरे

मागील अंकात या सदरात तळेगावजवळच्या इंदुरी आणि लोणी काळभोर येथील सागरी प्रशिक्षणाची माहिती दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे प्रवेशाविषयी नाहीत. ती शिक्षण संपून बरीच वर्षे झालेल्या अधिकाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत, आणि त्या सर्वांचा विषय एकच आहे : जहाजावरील अधिकाऱ्याचे सक्षमता प्रमाणपत्र, त्याची मुदत आणि त्याचे नूतनीकरण. या प्रमाणपत्राला कागदोपत्री ‘सर्टिफिकेट ऑफ कॉम्पिटन्सी’ म्हणतात, जहाजावर सीओसी म्हणतात आणि घरी आपण सगळेच त्याला लायसन्स म्हणतो. नूतनीकरणाला या व्यवसायात रिव्हॅलिडेशन हाच शब्द रूढ आहे. पुढील उत्तरांत मी हे शब्द तसेच वापरले आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : मी मरीन इंजिनीअर असून माझ्याकडे एमईओ (मरीन इंजिनीअर ऑफिसर) क्लास टू प्रमाणपत्र आहे. त्याची मुदत ३१ ऑगस्ट २०२७ रोजी संपते. १० मे ते ९ नोव्हेंबर २०२२ आणि १ मार्च ते ३० सप्टेंबर २०२३ अशी दोन कंत्राटे मी जहाजावर केली आणि त्यानंतर हिंजवडीत एका संगणक कंपनीत नोकरी धरली. दोन्ही कंत्राटे मिळून तेरा महिने होतात. पाच वर्षांत बारा महिन्यांची अट असल्याने मी निश्चिंत आहे आणि ऑगस्ट २०२७ मध्ये अर्ज करण्याचा विचार आहे. यात काही अडचण येईल का? (हिंजवडी)

उत्तर : आपली बेरीज बरोबर आहे, पण अर्जाचा महिना चुकला आहे, आणि या एका चुकीपायी आपले प्रमाणपत्र अडकू शकते. म्हणून हे उत्तर थोडे विस्ताराने देतो.

जगभरातील व्यापारी जहाजांवरील अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्रे ज्या आंतरराष्ट्रीय करारावर चालतात तो एसटीसीडब्ल्यू करार १९७८ चा आहे. तो १९८४ मध्ये अमलात आला, १९९५ मध्ये त्यात मोठे बदल झाले आणि २०१० मध्ये मनिला येथे त्याची पुन्हा फेररचना झाली. या करारानुसार प्रत्येक अधिकाऱ्याने जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने दोन गोष्टी सिद्ध करायच्या असतात. पहिली, आपण वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त आहोत, आणि दुसरी, आपले व्यावसायिक कसब अजून शाबूत आहे. हे कसब सिद्ध करण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे मागील पाच वर्षांत एकूण किमान बारा महिन्यांचा सी टाइम, म्हणजे जहाजावरील प्रत्यक्ष सेवा. इथे ‘मागील’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ही पाच वर्षे प्रमाणपत्र हाती पडल्याच्या तारखेपासून पुढे मोजायची नसतात. रिव्हॅलिडेशनच्या वेळेपासून ती मागे मोजायची असतात.

आता आपल्याच तारखा घेऊ. आपण मे २०२७ च्या पहिल्या आठवड्यात अर्ज केलात, तर मागील पाच वर्षे मे २०२२ च्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होतात आणि दोन्ही कंत्राटे पूर्णपणे त्यांत बसतात, म्हणजे तेरा महिने. ९ मेनंतर पहिल्या कंत्राटाचा एकेक दिवस मागून गळू लागतो. ९ जून २०२७ च्या सुमारास आपल्याकडे जेमतेम बारा महिने उरतात. ३१ ऑगस्टला अर्ज केलात, तर पहिल्या कंत्राटाचे सव्वादोन महिने आणि दुसऱ्याचे सात, असे मिळून सव्वानऊ महिनेच हिशेबात येतील. प्रमाणपत्रावरील तारीख ऑगस्टअखेरची असली, तरी आपली खरी मुदत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संपते, आणि ही तारीख कोणत्याही कागदावर छापलेली नसते. ती आपली आपणच काढावी लागते. किनाऱ्यावर नोकरी धरणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने सीडीसी, म्हणजे आपली सेवेची नोंदवही, उघडून साइन ऑन आणि साइन ऑफच्या (जहाजावर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या) तारखा एका कागदावर उतरवून घ्याव्यात आणि हा हिशेब दर सहा महिन्यांनी करावा, असे मी आग्रहाने सांगतो.

त्यामुळे अर्ज मेच्या सुरुवातीलाच जाईल अशी तयारी जानेवारीपासून धरावी. प्रशासनाने, म्हणजे नौवहन महासंचालनालयाने, ठरवून दिलेला रिफ्रेशर अँड अपडेटिंग हा अभ्यासक्रम, पर्सनल सर्व्हायव्हल (समुद्रात जीव वाचवण्याचे तंत्र), अग्निशमन आणि त्यापुढील प्रगत अग्निशमन यांची रिफ्रेशर प्रशिक्षणे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र हे सगळे अर्जाच्या आधी हातात हवे. पुण्याहून जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. अर्ज आता ऑनलाइन भरला जात असला, तरी ही प्रशिक्षणे घरी बसून होत नाहीत. आग विझवायला खरोखर आगीपुढे उभे राहावे लागते आणि उलटलेली लाइफ राफ्ट (जीवरक्षक तराफा) सरळ करायला पाण्यात उतरावेच लागते. तेव्हा मुंबईतील मुक्कामासाठी रजेचे दिवस आधीच राखून ठेवावेत.

जून हुकलाच तर सर्व संपले असे नाही. अर्जापूर्वीच्या सहा महिन्यांत सलग किंवा तुकड्यांनी तीन महिन्यांचा सी टाइम असेल, तरीही करारानुसार कसब सिद्ध होते. किनाऱ्यावरील काही कामे समुद्रसेवेच्या तोडीची मानण्याचा अधिकारही करार प्रत्येक देशाच्या प्रशासनाला देतो. जहाजांचे सर्वेक्षण, जहाज कंपनीतील तांत्रिक देखरेख किंवा सागरी शिक्षण संस्थेतील अध्यापन अशी कामे त्यात येऊ शकतात. आपली संगणक कंपनीतील नोकरी मात्र, ती कितीही जबाबदारीची असली तरी, यात बसणार नाही.

प्रश्न : माझ्या मुलाने नुकतीच सेकंड मेटची परीक्षा उत्तीर्ण केली आहे. एजंट म्हणतो की सीओसी आहे, सीडीसी आहे, तरी अजून पनामाचे लायसन्स काढावे लागेल. एकाच माणसाला तीन लायसन्स कशासाठी? आणि या सगळ्यांची मुदत एकच असते का? (कोथरूड, एक आई)

उत्तर : ताई, आपली शंका रास्त आहे, कारण हे कागद एकाच फोल्डरमध्ये राहतात आणि सगळ्यांवर तोच फोटो असतो. तरीही प्रत्येकाचे काम वेगळे आहे. सीडीसी ही खलाशाची ओळख आहे आणि त्याच्या सेवेची नोंदवही आहे. तो कोणत्या जहाजावर कधी चढला आणि कधी उतरला, हे तिच्यात लिहिलेले असते. ती दहा वर्षांसाठी मिळते. सीओसी हा त्याच्या पात्रतेचा दाखला आहे, आणि तो पाच वर्षांनी रिव्हॅलिडेट करायचा असतो. एजंट ज्याला पनामाचे लायसन्स म्हणतो आहे, ते म्हणजे एंडोर्समेंट. जहाजावर ज्या देशाचा झेंडा आहे, त्या देशाने ‘भारताने दिलेले हे प्रमाणपत्र आम्हाला मान्य आहे’ असे लिहून दिलेला तो कागद आहे. जगातील जहाजांचा फार मोठा वाटा पनामा, लायबेरिया आणि मार्शल बेटे या देशांच्या झेंड्याखाली चालतो, म्हणून ही नावे आपल्याला वारंवार ऐकू येतील.

लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की एंडोर्समेंट स्वतःच्या पायावर उभे नसते. मूळ सीओसीची मुदत संपली की त्यावरचे एंडोर्समेंटही त्याच दिवशी संपते, मग त्यावर पुढची तारीख छापलेली का असेना. एंडोर्समेंटसाठी अर्ज झाला असेल आणि त्याचा पुरावा जहाजावर असेल, तर झेंड्याचा देश तीन महिन्यांपर्यंत काम करू देऊ शकतो. ही सवलत मूळ प्रमाणपत्राच्या बाबतीत नाही.

आणखी एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी सांगतो. मुलाला नोकरी लावून देण्यासाठी एजंटने पैसे मागितले, तर ते देऊ नयेत. २००६ च्या सागरी श्रमिक कराराने नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेण्यास मनाई केली आहे. पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय तपासणी यांचा खर्च तेवढा त्याच्याकडून घेता येतो. एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (नाविकांची भरती करण्याचा) परवाना आहे की नाही, हे महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहूनच पुढे जावे.

प्रश्न : माझ्याकडे ऑइल टँकरचे डीसीई (टँकरवर काम करण्यासाठी लागणारे प्रमाणपत्र) आहे. गेली चार वर्षे मी फक्त बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा कोरडा माल वाहणाऱ्या जहाजांवर, काम केले. सीओसी रिव्हॅलिडेट झाल्यावर डीसीई आपोआप पुढे चालू राहील ना? (चिंचवड)

उत्तर : नाही. टँकरचे प्रमाणपत्र स्वतंत्र आहे आणि त्याचा हिशेबही स्वतंत्र आहे. मागील पाच वर्षांत किमान तीन महिने टँकरवरच काम केलेले असावे लागते, नाहीतर मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पुन्हा करावा लागतो. बल्क कॅरिअरवरील सेवा सीओसीसाठी पूर्ण धरली जाईल, डीसीईसाठी एक दिवसही नाही. आपल्या पाच वर्षांतील एक वर्ष अजून हातात आहे, आणि त्यात टँकरचे एक छोटे कंत्राट बसू शकते.

प्रश्न : मी फर्स्ट मेट फॉरेन गोइंग परीक्षा उत्तीर्ण असून सेकंड ऑफिसर म्हणून काम केले आहे. दोन मुलांच्या जन्मामुळे आणि त्यानंतर सासूबाईंच्या आजारपणामुळे साडेपाच वर्षे घरी होते. प्रमाणपत्राची मुदत दीड वर्षापूर्वी संपली. आता परत जायची इच्छा आहे, पण घरात आणि ओळखीच्यांतही सगळे म्हणतात की परीक्षा पुन्हा द्याव्या लागतील आणि इतक्या वर्षांनी कोणती कंपनी घेणार. खरे काय आहे? (सिंहगड रस्ता)

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि उत्तरातील पहिले वाक्य आपल्या घरच्यांनीही वाचावे अशी इच्छा आहे : आपली पात्रता गेलेली नाही, तिची मुदत संपली आहे. या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे. आपण परीक्षा उत्तीर्ण झालात, हे सत्य कोणतीही तारीख खोडू शकत नाही. मुदत संपल्याने आज जहाजावर अधिकारी म्हणून काम करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

रिव्हॅलिडेशनच्या कलमाची शब्दरचना मला नेहमीच महत्त्वाची वाटत आली आहे. जे अधिकारी समुद्रावर काम करत आहेत, किंवा किनाऱ्यावर काही काळ राहिल्यानंतर समुद्रावर परत जाऊ इच्छितात, त्या सर्वांना ते कलम लागू आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. करार करणाऱ्यांनी परत येणारा माणूस गृहीत धरला आहे, आणि त्याच्यासाठी मार्गही लिहून ठेवले आहेत. मान्यताप्राप्त परीक्षा किंवा अभ्यासक्रम हा एक मार्ग आहे. दुसरा मार्ग म्हणजे, आपल्या प्रमाणपत्राच्या हुद्द्यावर रुजू होण्यापूर्वी किमान तीन महिने सुपरन्यूमररी म्हणून, म्हणजे मंजूर संख्येच्या वर जादा अधिकारी म्हणून, किंवा खालच्या अधिकारी हुद्द्यावर काम करणे. आपल्या बाबतीत यांपैकी कोणता मार्ग आणि कोणत्या क्रमाने, हे मुंबईच्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडून, म्हणजे महासंचालनालयाच्या अखत्यारीतील कार्यालयाकडून, लेखी घ्या. फोनवर मिळालेल्या उत्तरावर प्रशिक्षणाचे पैसे भरू नका.

तोपर्यंत जे निश्चित लागणारच आहे ते सुरू करावे. पर्सनल सर्व्हायव्हल, अग्निशमन, सर्व्हायव्हल क्राफ्ट (जीवरक्षक नौका हाताळणे) आणि प्रगत अग्निशमन यांतील कसब दर पाच वर्षांनी दाखवावे लागते, तेव्हा ही रिफ्रेशर प्रशिक्षणे आपल्याला चुकणार नाहीत. जीएमडीएसएसचे, म्हणजे जहाजावरील आपत्कालीन रेडिओ यंत्रणा हाताळण्याचे, प्रमाणपत्र पाहा, कारण ते दूरसंचार विभागाकडून मिळते आणि त्याची मुदत व सीओसीची मुदत एकाच वेळी संपेल असे नाही. वैद्यकीय तपासणी करून घ्या. मुले लहान असताना ब्रिजवरचे (जहाज चालवण्याच्या कक्षातले) रात्रीचे वॉच, म्हणजे पहाऱ्याच्या पाळ्या, कशा जमतील, ही शंका आपल्या पत्रात ओळींच्या मधून दिसते. त्याविषयी एक निरीक्षण सांगतो. माझ्याबरोबर काम केलेली एक सेकंड ऑफिसर चार वर्षांच्या खंडानंतर थर्ड ऑफिसर म्हणून परत आली होती. पहिल्या रात्री तिने वॉच घेण्याआधी रडारचा प्रत्येक नॉब हाताने चाचपून पाहिला, आधीच्या अधिकाऱ्याला वीस मिनिटे थांबवून घेतले, आणि मग ‘माझा वॉच’ असे म्हणाली. आठ दिवसांत तिच्या हातात जुना सराव परत आला होता. खालच्या हुद्द्यावर परतण्यात तिला काही कमीपणा वाटला नाही, आणि आपणही तो मानू नये. पगारात काही महिने फरक पडेल, पण मोकळ्या समुद्रावर हात बसवून घेण्याची ती सर्वात सुरक्षित वेळ असते.

कंपनीच्या बाबतीत आपल्याला काही नकार येतील, हे मी लपवत नाही. अर्जात खंडाचे कारण एका सरळ वाक्यात लिहावे, क्षमा मागितल्यासारखे लिहू नये. आणि आपल्याला जाणून समाधान वाटेल अशी एक गोष्ट : जहाजावरील छळ आणि हिंसा रोखण्याविषयीचे प्रशिक्षण १ जानेवारी २०२६ पासून जगभरातील मूलभूत प्रशिक्षणाचा सक्तीचा भाग झाले आहे. आपण निघालात त्या वेळी ते नव्हते.

प्रश्न : माझा सीओसी पुढच्या फेब्रुवारीत संपतो आणि कंत्राट एप्रिलपर्यंत आहे. कंपनी म्हणते, जहाजावर असताना मुदत संपली तर तीन महिन्यांची सूट मिळते, काळजी करू नका. (बाणेर)

उत्तर : कंपनी दोन वेगळ्या प्रमाणपत्रांची गल्लत करत आहे. जी तीन महिन्यांची सवलत आहे, ती वैद्यकीय प्रमाणपत्राची आहे. सफरीच्या मध्यावर त्याची मुदत संपली, तर जिथे मान्यताप्राप्त डॉक्टर उपलब्ध आहे अशा पुढच्या बंदरापर्यंत ते चालते, पण तीन महिन्यांपेक्षा जास्त नाही. सीओसीसाठी करारात अशी सवलत नाही. २०२० मध्ये महासाथीमुळे सुमारे चार लाख नाविक जहाजांवर अडकून पडले होते, तेव्हा आपल्यासह अनेक देशांच्या प्रशासनांनी मुदती वाढवून दिल्या. ती त्या काळापुरती व्यवस्था होती, पण त्यावरून मुदत वाढतेच असा समज अनेक कार्यालयांत अजून टिकून आहे.

मुदत संपल्यावर काय होते, ते मी पाहिले आहे. मी मास्टर, म्हणजे जहाजाचा कप्तान, असताना आमचे जहाज युरोपातील एका बंदरात लागले. त्याआधी नांगरावर अकरा दिवस खोळंबा झाला होता. फोर्थ इंजिनीअरचा बदली माणूस आधीच्या बंदरात यायचा होता, तो आला नाही, आणि कंपनीच्या कार्यालयाने ‘पुढच्या बंदरात पाहू’ असे कळवले होते. पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे परदेशी जहाजे तपासणाऱ्या बंदरदेशाच्या यंत्रणेचा, निरीक्षक माझ्या केबिनमध्ये बसून प्रमाणपत्रांची फाइल पाहत होता. त्याने एक पान उलटले, पुन्हा मागे आणले, आणि पेन्सिलचे टोक तारखेखाली टेकवून काही न बोलता फाइल माझ्याकडे वळवली. मुदत संपून चार दिवस झाले होते. फोर्थ इंजिनीअरला वर बोलावले, तेव्हा तो प्युरिफायरचे काम अर्धवट टाकून आला होता आणि हाताला तेल होते म्हणून त्याने फाइलला हातही लावला नाही, लांबूनच वाकून ती तारीख वाचली. जहाजाच्या सेफ मॅनिंग डॉक्युमेंटमध्ये, म्हणजे किमान किती माणसे हवीत हे सांगणाऱ्या दाखल्यात, जितके इंजिनीअर लिहिलेले होते, त्यांत आता एक कमी होता. बदली अधिकारी विमानाने येईपर्यंत जहाज दोन दिवस जागेवरून हलले नाही. तो मुलगा अत्यंत चांगला इंजिनीअर होता. त्याच्या कामात एकही खोट नव्हती, पण त्याच्या नावापुढे त्या बंदराच्या नोंदीत जे लिहिले गेले ते मास्टर म्हणून मलाही आजवर बोचते, कारण तारखांचा तक्ता माझ्या टेबलावरच होता.

झेंड्याचा देश अगदी निकडीच्या प्रसंगी विशिष्ट जहाजासाठी सहा महिन्यांपर्यंत तात्पुरती परवानगी देऊ शकतो, हे खरे आहे. पण ती अपवाद म्हणून असते, त्यात माणसाची योग्यता पाहिली जाते, आणि मास्टर व चीफ इंजिनीअर यांना ती अनिवार्य आपत्तीखेरीज मिळत नाही. पुढच्या फेब्रुवारीची गोष्ट आज माहीत असताना तिला निकड म्हणता येणार नाही. आपण कंपनीला आत्ताच ईमेल करून जानेवारीअखेर साइन ऑफची मागणी करा किंवा साइन ऑन होण्यापूर्वीच रिव्हॅलिडेशन पूर्ण करा. तोंडी आश्वासनावर जहाजावर चढू नका.

प्रश्न : मला रिव्हॅलिडेशनसाठी चार महिने कमी पडत आहेत. एक जण म्हणतो की, एका छोट्या जहाजावर न जाताच तेवढा सी टाइम सीडीसीत लावून देतो. त्यासाठी तो मोठी रक्कम मागतो आहे. बरेच जण असे करतात, असे तो सांगतो. (हडपसर)

उत्तर : हे करू नका. ज्याला आपण पैसे देणार आहात, त्याच्याशी यापुढे बोलूही नका. साइन ऑन आणि साइन ऑफची नोंद आता आपल्या इंडोस क्रमांकाला (भारतीय नाविकांच्या राष्ट्रीय नोंदीतील क्रमांकाला) जोडलेली असते, आणि पासपोर्टवरील शिक्के, विमानाची तिकिटे, जहाजाच्या नोंदी यांच्याशी ती ताडून पाहता येते. खोटी नोंद सापडली तर प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द होऊ शकते, आणि बनावट दस्तऐवज तयार करणे आणि वापरणे हा गुन्हा आहेच. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. चार महिने इंजिन रूममध्ये किंवा ब्रिजवर न उभे राहिलेला माणूस, ते उभे राहिल्याचा कागद घेऊन पंचवीस माणसांच्या जहाजावर चढतो, आणि त्या पंचवीस जणांना ते माहीत नसते. मी अशा माणसाबरोबर रात्री एकाच जहाजावर झोपू इच्छित नाही.

आपल्याकडे सरळ मार्ग आहे. चार महिनेच कमी असतील, तर आपल्या प्रमाणपत्राच्या हुद्द्याला साजेसे एक छोटे कंत्राट घ्या. ते मिळत नसेल, तर आधीच्या उत्तरात सांगितलेला सुपरन्यूमररीचा किंवा अभ्यासक्रमाचा मार्ग विचारून घ्या. तो माणूस जेवढी रक्कम मागतो आहे, त्यापेक्षा हे स्वस्तच पडेल.

प्रश्न : वय पन्नास झाले, चष्मा लागला आणि साखरही थोडी वाढली आहे. वैद्यकीय तपासणीत नापास झालो तर सीओसी जातो का? (औंध)

उत्तर : चष्म्याने सीओसी जात नाही, चष्मा लावून दृष्टी ठरलेल्या पातळीपर्यंत आली की पुरते. जहाजावर जाताना जादा चष्मा जवळ ठेवावा. साखरेच्या बाबतीत ती कशाने नियंत्रणात आहे, इन्सुलिन लागते का, भोवळ येते का, हे सर्व मान्यताप्राप्त वैद्यकीय परीक्षक पाहतो, आणि काही वेळा बंधने घालून प्रमाणपत्र देतो. हे वैद्यकीय प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षे चालते, आणि रंगदृष्टीचा दाखला सहा वर्षे. घरच्या डॉक्टरांचा दाखला इथे चालत नाही, परीक्षक महासंचालनालयाच्या यादीतीलच हवा. तपासणीपूर्वी औषध लपवू नका. भर समुद्रात साखर घसरली, तर जवळचा दवाखाना कित्येक दिवसांच्या अंतरावर असतो.

प्रश्न : डेक्कन क्वीनने मुंबईला जाताना बॅग हरवली आणि त्यात मूळ सीओसी होता. माझ्याकडे त्याची स्कॅन केलेली प्रत मोबाइलमध्ये आहे. आता प्रमाणपत्रे इलेक्ट्रॉनिकही चालतात असे ऐकले. ही प्रत दाखवून साइन ऑन होता येईल का? (शिवाजीनगर)

उत्तर : आपण जे ऐकले ते अर्धे खरे आहे. प्रमाणपत्र मूळ स्वरूपात जहाजावर उपलब्ध असले पाहिजे, असा करार सांगतो. १ जानेवारी २०२५ पासून प्रशासनाने स्वतः इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिलेले प्रमाणपत्रही मूळ म्हणून मान्य करण्याची तरतूद झाली आहे, पण तसे प्रमाणपत्र पडताळून पाहता आले पाहिजे. आपल्या मोबाइलमधील प्रत म्हणजे कागदाचा फोटो आहे. ती इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र होत नाही, आणि ती दाखवून आपल्याला साइन ऑन होता येणार नाही.

तरी ती प्रत फार कामाची आहे, कारण तिच्यावर प्रमाणपत्र क्रमांक, दिल्याची तारीख आणि एंडोर्समेंटचा तपशील आहे. आधी रेल्वे पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, आणि तक्रारीत प्रमाणपत्राचा क्रमांक लिहायला लावा, नुसते ‘कागदपत्रे हरवली’ असे नको. मग ज्या मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटने प्रमाणपत्र दिले त्यांच्याकडे दुय्यम प्रतीसाठी अर्ज करा. कंपनीलाही त्याच दिवशी कळवा, कारण पनामा किंवा लायबेरियाचे एंडोर्समेंट त्याच बॅगेत असेल तर तेही नव्याने मागवावे लागेल आणि ते काम कंपनीच्याच हातून होते. सीडीसी आणि पासपोर्ट घरी राहिले आहेत का, ते आज रात्रीच कपाट उघडून पाहा.